मागे गेलेला चेंडू

डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या हेरन्स या बेसबॉल संघाचा इतिहास मी इंग्रजीत लिहून दिला आहे. तो संघाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. त्यात वानखडे सरांबद्दल एकच वाक्य आहे: या काळात भारतातून आलेल्या एका निवृत्त प्रशिक्षकांची संघाला मदत झाली. वाक्य खोटं नाही. पण असं वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलं, याचा धक्का मला अजून बसतो. इचलकरंजीच्या आमच्या घरात जेवणाच्या ताटांशेजारी युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी घड्या घालता घालता वाचायला शिकले. ज्याने केलं त्याचं नाव लिहायचं, नाहीतर कागद वाया घालवायचा नाही, असं आई म्हणायची.

मी नाव लिहिलं नाही. उरलेलं इथे लिहिते आहे, मराठीत, कारण संघाचा कप्तान डर्मट याला मराठी वाचता येत नाही.

आयर्लंडमध्ये बेसबॉल खेळतात हे ऐकून मला आधी हसू आलं होतं. मुलाच्या हातात लाकूड दिसलं की तो हर्लिंग या इथल्या जुन्या खेळाला निघाला आहे, असंच इथे धरून चालतात. तरी बेसबॉलची एक छोटी हौशी लीग आहे. तिच्यात वरचा गट आहे, खालचा गट आहे, आणि खालच्या गटात तळाशी हेरन्स आहेत. हेरन म्हणजे बगळा. नदीकाठच्या सार्वजनिक बागेच्या एका कोपऱ्यात हे बगळे खेळतात. डर्मटचे वडील तरुणपणी अमेरिकेत इमारतींना प्लास्टर करायला गेले आणि परत येताना सूटकेसभर हातमोजे घेऊन आले. वसाहतीतल्या पोरांना गोळा करून त्यांनी हा संघ काढला. मैदानात तिसऱ्या बेसमागे हॉथॉर्नचं एक एकटं काटेरी झाड आहे. असं एकटं झाड इथे कोणी तोडत नाही. त्याच्याखाली 'त्यांची' वस्ती असते म्हणतात, आणि 'ते' कोण हे उच्चारत नाहीत. म्हणून डर्मटच्या वडिलांनी नियम केला की झाडात चेंडू अडकला तर फटका मारणाऱ्याला दोन बेस फुकट. पाहुणे संघ अजून त्यावर भांडतात.

हे सगळं मला नूलाबाईंनी सांगितलं. नूलाबाई म्हणजे डर्मटची आई. नवरा गेल्यानंतरही त्या प्रत्येक सामन्याला घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन येत. डर्मट बस चालवायचा, संघाचा कप्तान होता, पिचर म्हणजे चेंडू फेकणारा गडी होता आणि आईबरोबर राहायचा. करोनामुळे सामने बंद असताना संघाचा इतिहास तरी लिहून काढू या ही कल्पना त्याचीच. मी लिहिते हे कळल्यावर त्याने ते काम माझ्यावर टाकलं. पण त्याची-माझी ओळखही सरांमुळेच झालेली.

२०२० चा उन्हाळा होता. निर्बंध थोडे सैल झाले होते. मी बागेतल्या बाकावर बसून आईशी फोनवर बोलत होते. पलीकडे मैदानावर काही जण चेंडू फेकायचा सराव करत होते, आणि कुंपणाशी एक उंच, किडकिडीत म्हातारा उभा होता. डोक्याला माकडटोपी, तिच्यावर बेसबॉलची टोपी, गळ्यात शिट्टी, पायात खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. माझा फोन संपायची त्यांनी वाट पाहिली नाही.

"ओ पोरी, मराठी हायस ना? त्या लंब्या पोट्ट्याले सांग, खांदा पडून राहिला त्याचा."

"कोणाला?"

"तो फेकून राहिला ना, त्याले. मघापासून खुणा करून राहिलो मी, तं तो हात हलवते न् हासते. नमस्कार करून राहिलो असं वाटते त्याले."

मी गेले आणि सांगितलं. डर्मटने घाम पुसत कुंपणाकडे पाहिलं. "युअर मॅन काय म्हणतोय?" इथे कुठल्याही तिऱ्हाइताला युअर मॅन म्हणतात.

"काय म्हनते तो? कोनाचा मॅन?" सरांनी विचारलं.

"तुमच्याबद्दल विचारतोय."

"सांग, परतवाड्याचा म्हना."

सर परतवाड्याच्या एका शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. अमरावतीकडे सॉफ्टबॉलचं वेड जुनं आहे. बेसबॉलचीच ती धाकटी बहीण, चेंडू मोठा, फेक खालून, बाकी सगळं तेच. सर राज्याच्या संघात कॅचर होते, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारे. त्यांनी सुताराकडून बाभळीच्या बॅटी करून घेतल्या होत्या, चांभाराकडून हातमोजे शिवून घेतले होते, आणि तीस वर्षं पोरांना घडवलं होतं. फेब्रुवारीत ते मुलीकडे म्हणून आले, आणि विमानं बंद झाली. मुलगी, वैशालीताई, डब्लिनच्या एका सरकारी रुग्णालयात अतिदक्षता विभागात डॉक्टर. ती दिवसदिवस घरी नसायची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. टीव्हीवर मेलेल्या माणसांचे आकडे बघण्यापेक्षा सर बुटांना खडू लावून बागेत येत.

डर्मटने खांदा उचलला. पुढचा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात असा बसला की सगळे थांबून बघायला लागले. सर कुंपण ओलांडून आत आले, ते आतच राहिले. डर्मटचं नाव त्यांनी तिथल्या तिथे धरमा केलं. मी दुभाषी झाले.

पहिला सराव सामना बगळे सपशेल हरले. हरल्यावर सगळे एकमेकांना "ग्रँड, ग्रँड" म्हणत सामान आवरू लागले. चेंडू सुटला, ग्रँड. धाव बुडाली, यू आर ग्रँड. सर हे बघत उभे होते.

"हारले ना हे?"

"हो सर."

"मंग ग्रँड काय हाय त्याच्यात?"

त्यांनी शिट्टी फुंकली. माणसं दचकून थांबली. सरांनी त्यांना गोलात उभं केलं, दोन हात अंतर ठेवून. ते अंतर सरकारनेच सांगितलेलं असल्यामुळे कोणी काही बोललं नाही. मग मला म्हणाले, सांग यांना: ज्याच्याकडून चूक झाली त्याने हात वर करायचा आणि 'माइन', माझी, असं म्हणायचं. स्वतःची लपवायची नाही, दुसऱ्याची सांगायची नाही.

मी सांगितलं. आयरिश माणूस काय वाट्टेल त्यावर बोलेल, तासभर बोलेल, पण चारचौघांत असं काही म्हणायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटा येतो. सगळे आपापले बूट बघायला लागले. शेवटी जोईने हात वर केला. जोई फिलिपिन्सचा, वैशालीताईच्याच रुग्णालयात नर्स, संघाचा कॅचर. "माइन," तो म्हणाला. मग दुसरा. मग तिसरा. सर्वांत शेवटी डर्मट, कानापर्यंत लाल होऊन.

सरांनी छाती भरून आरोळी दिली, "जैसे थे!"

"म्हणजे काय?" सगळ्यांनी मला विचारलं. कवायतीतली आज्ञा आहे, मी म्हटलं, आधी होतात तसे उभे राहा. सरांना ते अपुरं वाटलं. "नीट सांग त्याइले. सांगितली, संपली. घरी न्याची नाई. पुढच्या मॅचमंदी उकराची नाई. जैसे थे म्हंजे जैसे थे."

महिन्याभरात अख्खा संघ ते शिकला. चूक सांगायची आणि मग आकाशाकडे तोंड करून ओरडायचं. कुत्र्याला फिरवायला आलेली माणसं वळून बघायची. मला तर तो गोल फार आवडला. आमच्या पत्रकांत नेहमी दुसऱ्याचीच चूक असायची. इथे माणसं स्वतःची सांगत होती, आणि त्यांचं काही बिघडत नव्हतं.

सरांचा हा नियम मी ब्रह्मवाक्य मानून बसले होते, तेव्हाच त्यांनी तो माझ्यादेखत मोडला.

सप्टेंबरातला सामना. एका धावेची आघाडी होती. डर्मटने घाईत टाकलेला चेंडू जमिनीवर आपटून जोईच्या पायामागून निघून गेला. चेंडू असा कॅचरच्या मागे गेला की बेसवरचे गडी पळत सुटतात. दोघे घरी, म्हणजे पळायला सुरुवात होते त्या बेसवर, परत आले, दोन धावा झाल्या आणि सामना गेला. गोलात डर्मटने हात वर करायला घेतला, तर सरांनी त्याला बोटाने खाली कर म्हणून खूण केली आणि जोईकडे पाहिलं.

"मागं गेलेला बॉल कॅचरचा."

जोई भडकला. "सर, तो चेंडू जमिनीत घुसला होता. माझ्याजागी भिंत असती तरी गेला असता."

मलाही राहवलं नाही. "सर, हे बरोबर नाही. चूक डर्मटची आहे, तो सांगायलाही तयार आहे. नियम तुमचाच आहे."

"हाय ना. पन धरमाले अजून टाकाचा हाय. चूक त्याच्या हातात ठेवली तं पुढचा बॉल तो दाबून टाकते. मंग सारेच मेले." त्यांनी उजव्या हाताची बोटं माझ्यासमोर धरली. तीन बोटं वेगवेगळ्या दिशांना वळलेली होती. "कॅचरचं आंग कायले असते पोरी? झेलता आला तं झेलाचा. नाई आला तं आंगावर घ्याचा. मागं जाऊ द्याचा नाई. गेला, तं आपला म्हनाचा."

मी भाषांतर केलं, पण आवाजात नाराजी ठेवूनच. जोईने सरांच्या बोटांकडे पाहिलं आणि हात वर केला. खुर्चीतून नूलाबाईंनी टाळी वाजवली. "आमचे हेही कॅचरच होते," त्या म्हणाल्या. "तेही असंच करायचे. मला राग यायचा त्याचा."

नूलाबाई सरांना मास्टर म्हणत. त्यांच्या लहानपणी गावातल्या शिक्षकाला तसंच म्हणायचे. सर त्यांना नुलाबाई म्हणत. दोघांच्या खुर्च्या झाडाजवळ, दोन हात अंतरावर. सर वऱ्हाडीत बोलत, त्या डब्लिनच्या इंग्रजीत, आणि भुरभुर पावसात दोघे छत्र्या उघडून तासन् तास गप्पा मारत. एकदा मी सरांना विचारलं, त्या काय म्हणतात ते तुम्हाला कळतं का?

"तिचा मानूस गेला, माही बायको गेली. या वयात दुसरं काय बोलते कोनी? हवा आनि गुडघे."

आणि मग म्हणाले, "पोट्ट्याची काळजी करते ते. धरमाचं लगन नाई, दुसरं कोनी नाई. मी गेली तं याचं काय, म्हनते."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"वैशालीबद्दल मी तेच तं म्हनतो तिले."

डिसेंबरात देश पुन्हा थोडा उघडला. नाताळच्या आधी सरांनी चिवडा केला. डब्यात भरून नूलाबाईंच्या दाराशी ठेवायला गेले. नूलाबाईंनी हाताला धरून आत नेलं, चहा पाजला. सरांनी हे स्वतःच मला सांगितलं, वैशालीताईला सांगू नको या बोलीवर. त्याच आठवड्यात डर्मट मित्राच्या घरी गेला. सगळं वर्ष बस चालवून कंटाळला होता, सगळे चला म्हणाले, जरा क्रॅक होईल म्हणाले. क्रॅक म्हणजे मजा, गप्पा, माणसांत असणं. नाताळनंतर त्याला ताप आला. मग नूलाबाईंना. त्याचा उतरला.

जानेवारीत नूलाबाई गेल्या. वैशालीताईच्या विभागात, पण तिच्या पाळीत नाही. जोईच्या पाळीत. फोनच्या पडद्यावर डर्मटला आई दाखवणारा जोईच होता.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, म्हणून इथल्या त्या वेळच्या रीतीप्रमाणे बाकीचे रस्त्याच्या कडेने उभे राहिले. संघ बागेसमोर उभा होता, टोप्या हातात. सर ब्लेझर घालून आले होते, माकडटोपीशिवाय. त्या थंडीत त्यांचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं. शववाहिका मैदानासमोर हळू झाली. मागच्या गाडीत डर्मट होता. त्याने कोणाकडेही पाहिलं नाही.

त्यानंतर त्याने खेळ सोडला. जोई घरी गेला, तर डर्मटने अर्धवट दार उघडून हातमोजा बाहेर ठेवला. वडिलांनी अमेरिकेहून आणलेला. "आजार मी घरात आणला," तो म्हणाला. "मजा करायला गेलो आणि तिच्यासाठी घेऊन आलो." जोई नर्स माणूस. कुठून लागला हे कोणालाच सांगता येणार नाही, असं त्याने पुष्कळ समजावलं. दार बंद झालं. पुढे तो कामावर जाऊ लागला, पण बसमध्येसुद्धा कोणाशी बोलेना. वजन उतरलं. जोईने मला सांगितलं, हा माणूस मला बरा दिसत नाही, आणि मी असं उगाच म्हणत नाही. आमच्या सगळ्यांच्या मनात एकच भीती होती आणि ती कोणी तोंडातून काढत नव्हतं.

वसंतात सर डर्मटच्या बसमध्ये बसायला लागले. मास्क लावून पुढच्या सीटवर. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, त्याच बसने परत यायचं. एक शब्द बोलायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "बसतो. त्याच्या मागं कोनी नाई ना आता."

मे महिन्यात मैदानावर सरावाला परवानगी मिळाली. सरांनी शेवटच्या थांब्यावर डर्मटला म्हटलं, रविवार, ग्राउंड. तो आला. खेळायच्या कपड्यांत नाही, कामाच्या जॅकेटमध्ये. झाडाला पांढरी फुलं आली होती, आणि त्याच्याजवळची जागा रिकामी होती. सामना झालेला नव्हता, सराव सुरूही झाला नव्हता, तरी सरांनी शिट्टी फुंकली आणि गोल केला.

मी दुभाषी म्हणून पुढे सरकले, तर सर म्हणाले, "तू ऱ्हाय तिथंच." आणि स्वतःच बोलायला लागले. तुटक शाळकरी इंग्रजी, पण पाठ केल्यासारखं. ख्रिसमसच्या आधी मी तुझ्या घरी आलो. डबा घेऊन. त्या दिवशी मला ताप होता. मला माहीत होतं. मी मुलीला सांगितलं नाही. मी तुझ्या आईजवळ बसलो. मास्क काढला. चहा प्यालो.

त्यांनी हात वर केला. ती वळलेली बोटं. "माइन," ते म्हणाले.

जोईने तोंडावर हात ठेवला. डर्मट एक पाऊल पुढे आला.

"ताप होता तुला?"

"होता."

"आणि तू माझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसलास."

"बसलो."

डर्मटने खाली पडलेला चेंडू उचलला. मला वाटलं, मारतो आता. त्याने तो सगळ्या ताकदीने हॉथॉर्नमध्ये भिरकावला. फुलं खाली आली. तो निघून गेला. एकेक करून बाकीचे गेले. कोणी जैसे थे म्हटलं नाही. सरांचा हात तसाच वर होता. मीही तो खाली घ्यायला सांगितलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की ज्या माणसाला मी एवढं मानलं, त्याने ताप लपवला. आपली लपवायची नाही, असं आम्हाला शिकवणाऱ्याने.

मी तशीच वैशालीताईच्या घरी गेले. ती नुकतीच कामावरून आली होती, चेहऱ्यावर मास्कचे वळ होते. मी तिला सगळं सुनावलं. तुझ्या वडिलांनी काय केलं ते तुला माहीत आहे का, इथपासून.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताप? बाबांना?"

"त्यांनी स्वतः सांगितलं."

"अगं, रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी त्यांचा ताप बघायचे. रोज. वेड लागलं होतं मला. आणि नूलाबाई गेल्यावर मी त्यांची अँटिबॉडी टेस्ट केली, चिवड्याचं समजलं तेव्हा. काही नव्हतं. बाबांना तो आजार शिवलासुद्धा नाही. हे त्यांना माहीत आहे."

तिला माझ्या आधी कळलं. ती जिन्याशी जाऊन ओरडली, "बाबा, खाली या."

सर आले. पायात बूट नव्हते, मोजे होते. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले.

"सर, तुम्ही खोटं बोललात," मी म्हटलं.

"मंग?"

"मंग काय? नियम कोणाचा आहे?"

"माहा."

मला रडू येत होतं आणि रागही. मी म्हटलं, चूक तुमची नाही आणि डर्मटचीही नाही. नाताळपुरतं सगळं उघडायचं कोणी ठरवलं? बसच्या ड्रायव्हरला वर्षभर कोणी राबवलं? खाटा कमी का होत्या? हे लिहायला पाहिजे. हे छापायला पाहिजे. ही व्यवस्थेची चूक आहे.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "लिही ना. खरं हाय तुहं. पन तुही व्यवस्था गोलात येऊन उभी राहते काय? हात वर करते काय? ते पोट्टं रोज त्या घरात एकटं जाऊन बसते पोरी. त्याले कोनावर तरी चिडू दे."

"आणि मी?" वैशालीताई म्हणाली. "मी दिवसभर लोकांना सांगते, ताप असेल तर घरी थांबा. आता सगळ्या ल्यूकनमध्ये होईल की डॉक्टरचाच बाप ताप लपवून हिंडत होता. उद्या जोईसमोर मी कशी उभी राहू? माझं नाव तुम्ही कोणाला विचारून दिलंत?"

सरांना हे सुचलं नसावं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला तसं दिसलं. ते पहिल्यांदाच म्हातारे वाटले. खुर्ची धरून उभे राहिले, आणि मग तो हात हळूहळू वर केला, छातीइतकाच.

"ते मात्र माहं," ते म्हणाले. "तुले इचाराले पाहिजे होतं."

वैशालीताईने आमच्याकडे पाठ फिरवली आणि ओट्यावर चहाचं पाणी ठेवलं, तीन कपांचं. कोणाला सांगणार नाही, असं ती कधी म्हणाली नाही. पण तिने सांगितलं नाही. जोईने तिच्याशी बोलणं कमी केलं, ते तिने सोसलं. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर 'काही ज्येष्ठांचा बेजबाबदारपणा' असं कोणीतरी लिहिलं आणि त्याखाली अंगठे उमटले. तेही मी वाचलं. माझी बोटं किती वेळा टाइप करायला गेली आणि परत आली.

कारण पुढच्या रविवारी डर्मट मैदानावर आला. खेळायच्या कपड्यांत. जोईने डर्मटच्या वडिलांचा तो हातमोजा पिशवीतून काढून त्याला दिला. त्या दिवशी डर्मट जसे चेंडू टाकत होता तसे मी कधी पाहिले नव्हते. प्रत्येक चेंडू कोणाच्या तरी तोंडावर मारल्यासारखा. जोईचा हात सुजला. सराव संपल्यावर डर्मट गवतात बसला आणि जोरजोरात, सगळ्यांदेखत रडला. जानेवारीपासून पहिल्यांदाच. मग त्याने विचारलं, कोणाकडे खायला काही आहे का.

सर त्यानंतर मैदानावर आले नाहीत. येऊ नका असं त्यांना कोणी सांगितलं नाही. इथे कोणी तसं सांगत नाही. फक्त संघाच्या ग्रुपमधून त्यांचं नाव गेलं. ते रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर बसत. तिथून फेक दिसते, चेंडू दिसत नाही. मी एकदा जाऊन शेजारी बसले. मला अजून पटलेलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. खोटं ते खोटंच. ते म्हणाले, "नको पटू देऊ. तुया वयात पटालेच नाई पाहिजे." आणि मग, रस्त्यापलीकडे बघत, "खांदा सरळ हाय आता त्याचा."

ऑगस्टमध्ये त्यांना तिकीट मिळालं. वैशालीताई गाडी चालवत होती, सर तिच्या शेजारी, मी मागे सामानाबरोबर. विमानतळाचा रस्ता वेगळा, पण सर म्हणाले, बागेवरून घे. वैशालीताईने गाडी वळवली. सामना चालू होता. गाडी कुंपणाशी थांबली. मी दार उघडायला गेले, तर सरांनी मान हलवली. काच वरच राहिली.

डर्मट फेकत होता. पाहुण्यांचा गडी तिसऱ्या बेसवर, झाडाशी. डर्मटचा चेंडू जमिनीवर आपटला, जोईच्या गुडघ्याला लागून मागे गेला, आणि तो गडी घरी पळाला. जोई चेंडू घेऊन परत आला आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे त्याने हात वर केला. काचेमुळे आवाज आला नाही, तरी तो काय म्हणाला ते आम्हाला कळलं.

डर्मटने मान हलवली. नाही. त्याने हातमोजा काखेत धरला आणि स्वतःचा हात वर केला. सरळ, पूर्ण. क्षणभर दोघांचे हात वर होते. मग जोईने आपला खाली घेतला.

डर्मटला आमची गाडी दिसली की नाही, मला माहीत नाही. तो कुंपणाकडेच तोंड करून उभा होता.

सरांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. आणि शेजारी बसलेल्या मुलीलाही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जैसे थे."